जंतूंनी धरलेली कापडी नळी आणि दानात आलेली धमनी

पायाची बायपास, म्हणजे बंद धमनीला वळसा घालून रक्त पुढे नेण्याचं ऑपरेशन, झालेल्या माणसाच्या जांघेत काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी, बारीकसं तोंड पडतं आणि त्यातून पातळ पिवळसर पाणी झिरपायला लागतं. फारसं दुखत नाही. ताप असतोच असं नाही. घरची मंडळी हळद लावतात, गावातले डॉक्टर पाच दिवसांच्या गोळ्या देतात, तोंड मिटतं आणि पुन्हा उघडतं. मिरजेत आमच्या ओपीडीत असा पेशंट आला की त्याचं पहिलं वाक्य बहुतेक ठरलेलं असतं: "गळू आलंय सायेब, आठ दिस झालं पू थांबंना. जरा कापून साफ करून द्या."

हे गळू नव्हे. इथे कुणीही उत्साहाने चिरा देऊ नये. त्या तोंडाच्या खाली, दोन बोटांवर, आधीच्या ऑपरेशनमध्ये घातलेली कृत्रिम नळी असते आणि तिला जंतूंनी धरलेलं असतं. चिरा चुकीच्या जागी गेला तर समोर पू नाही, मोठ्या धमनीचं रक्त येतं.

नळी मुळात का घालतात ते आधी सांगतो. तंबाखू, विडी, वर्षानुवर्षं दुर्लक्षिलेली साखर यांनी पायाच्या किंवा पोटाच्या धमन्या आतून बंद होत जातात. शे-दोनशे पावलं चाललं की पोटरी धरते, मग रात्री झोपेत पाय ठणकतो, मग बोट काळं पडतं. जत, कवठेमहांकाळ, अथणी, रायबाग या भागातली माणसं अशा वेळी मिरज गाठतात. मिशनरी डॉक्टर वानलेस साहेबांनी १८९४ मध्ये इथे दवाखाना उभा केला, तेव्हापासून या गावाकडे लोक त्याच भरवशाने येतात. काहींच्या बाबतीत दुखणं उलट असतं. पोटातली महाधमनी फुगून तिचा फुगा होतो आणि तो फुटायच्या आत बदलावा लागतो. दोन्ही वेळा पहिली पसंती स्वतःच्या शिरेला असते. पण पोटातल्या महाधमनीच्या जागी बसेल एवढी जाड शीर सहज मिळत नाही. तिथे कृत्रिम नळी लागते.

ही नळी पॉलिस्टरची असते. डॅक्रॉन म्हणतात ते हेच. दुसरा प्रकार पीटीएफईचा, म्हणजे टेफ्लॉनच्या जातीच्या प्लास्टिकचा. ह्यूस्टनचे सर्जन मायकल डिबेकी यांची गोष्ट आमच्या क्षेत्रात सगळ्यांना ठाऊक आहे. १९५०च्या दशकात ते कापडाच्या दुकानात नायलॉन घ्यायला गेले. नायलॉन संपलं होतं, म्हणून दुकानदाराने नवं आलेलं डॅक्रॉन दिलं आणि त्यांनी बायकोच्या शिलाई मशीनवर त्याच्या नळ्या शिवल्या. आज नळ्या कारखान्यात विणल्या जातात, पण मूळ वस्तू तीच आहे. या नळ्यांनी जगभर असंख्य माणसांचे पाय आणि जीव वाचवले आहेत. त्यांच्याविरुद्ध माझं काहीच म्हणणं नाही.

त्यांची एकच दुखरी बाजू आहे. त्या निर्जीव आहेत. धमनीच्या भिंतीत पेशी असतात, रक्त पोचतं, त्या रक्तातून पांढऱ्या पेशी आणि औषधं पोचतात. कापडात यातलं काहीच नसतं. १९५७ मध्ये एलेक आणि कोनेन या दोघा संशोधकांनी स्वयंसेवकांच्या त्वचेत मोजून जंतू सोडून पाहिले. स्टॅफिलोकोकस जातीच्या जंतूने पू धरायला नुसत्या कातडीत लाखोंच्या संख्येने जंतू लागले. तिथे रेशमाचा एक टाका घातलेला असेल तर काही शे जंतू पुरले. एक टाका! मग वीतभर कापडाची नळी काय करू शकते याचा अंदाज यावा.

जंतू त्या कापडाच्या धाग्यांत शिरतात आणि स्वतःभोवती चिकट थर करतात. कृष्णेच्या घाटावर पावसाळ्यानंतर पायऱ्यांवर शेवाळ बसतं, त्यावर कितीही बादल्या ओतल्या तरी ते हलत नाही, खरडूनच काढावं लागतं. हा थरही तसाच. वरून अँटिबायोटिक कितीही भारी दिलं तरी ते आतल्या जंतूंपर्यंत पुरेसं पोचत नाही, आणि तळातले जंतू इतके मंदावलेले असतात की पोचलेलं औषधही त्यांना फारसं लागू पडत नाही. गोळ्या घेतल्या की पू थांबतो आणि बंद केल्या की परत येतो, त्याचं कारण हे.

पोटातल्या नळीत हा प्रकार साधारण शंभरात एक-दोघांना होतो, जांघेपर्यंत आणलेल्या नळीत त्याहून जास्त. प्रमाण लहान वाटतं. पण ज्याला होतो त्याच्यापुढे तीन संकटं उभी असतात. नळी जिथे धमनीला शिवलेली असते तिथली धमनी सडून टाके सुटतात आणि एकदम रक्त उसळतं. किंवा नळीत गुठळी होऊन पाय थंड पडतो. किंवा पोटातली नळी शेजारच्या आतड्याला चिकटून त्यात भोक पडतं. या शेवटच्या प्रकारात आधी थोडीशी रक्ताची उलटी किंवा काळी शौच होते आणि थांबते. लोक ॲसिडिटी समजून घरी बसतात. मोठा रक्तस्राव काही तासांनी किंवा काही दिवसांनी येतो. पोटात नळी घातलेल्या माणसाला काळी शौच झाली तर ती त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात दाखवायची. यात दुसरं मत नाही.

निदानासाठी सीटी स्कॅन करतात. नळीभोवती पाणी किंवा हवेचे बुडबुडे दिसले की शंका पक्की होते. शंका उरलीच तर पेट (पीईटी) स्कॅन. आणि पू, रक्त, काढलेल्या नळीचा तुकडा यांचं कल्चर, म्हणजे त्यातले जंतू वाढवून ओळखणं, कारण कोणता जंतू आहे यावर पुढचं सगळं ठरतं.

आता उपचार. तत्त्व सोपं आहे: जंतूंनी धरलेली नळी काढायची, आजूबाजूचं सडलेलं खरवडायचं. अडचण त्यानंतर सुरू होते. नळी काढली की पायाला रक्त कुठून द्यायचं? नवी कापडी नळी त्याच पुवाच्या जागेत घातली तर तिलाही तेच जंतू धरण्याची भीती. ती रिफाम्पिसिन या औषधात भिजवून घालतात, काही ठिकाणी चांदीचा मुलामा दिलेली वापरतात. सौम्य जंतू असेल तर जमतंही. जुनी पद्धत म्हणजे पोटातली जागा सोडूनच द्यायची. महाधमनीचं तोंड शिवून बंद करायचं आणि काखेतल्या धमनीपासून कातडीखालून जांघेपर्यंत लांबची नळी न्यायची. पण शिवून बंद केलेलं ते तोंड जंतू असलेल्या जागेतच राहतं आणि फुटू शकतं. ते फुटलं की बहुतेक वेळा माणूस हाती लागत नाही.

तिसरा रस्ता स्वतःच्या मांडीतल्या खोल शिरेचा. १९९३ मध्ये डॅलसच्या क्लॅगेट यांनी तो मांडला आणि तो फार चांगला रस्ता आहे. शीर आपलीच, जंतूंना दाद देत नाही, वर्षानुवर्षं टिकते. पण ऑपरेशन अतिशय लांबतं, पाय सुजतो, आणि सत्तरीतला, साखर असलेला, आधीच खंगलेला माणूस ते सोसेलच असं नाही. शिवाय काहींच्या त्या शिरा आधीच गुठळ्यांनी बाद झालेल्या असतात. अलीकडे गोवंशीय जनावराच्या हृदयावरच्या आवरणाचा तुकडा शिवून नळी करतात. तो सहज मिळतो आणि निकाल आशादायक आहेत. मात्र ते काय आहे हे पेशंटला आधी सांगायला हवं. श्रद्धेचा प्रश्न असतो आणि तो त्याचा अधिकार आहे.

आणि चौथा रस्ता म्हणजे दुसऱ्या माणसाने मरणोत्तर दिलेली धमनी. मला या लेखात मुख्यतः तिच्याबद्दलच सांगायचं आहे.

ही कल्पना कापडी नळीपेक्षा जुनी आहे. रक्तवाहिन्या एकमेकींना शिवण्याची रीत ज्यांनी बसवली ते अलेक्सिस कॅरेल, त्यांना १९१२ चं नोबेल मिळालं, ते तेव्हाच धमन्या थंडीत साठवून प्राण्यांमध्ये बसवून पाहत होते. १९४८ मध्ये बोस्टनच्या रॉबर्ट ग्रॉस यांनी दात्याच्या धमन्या माणसांत वापरल्या. २९ मार्च १९५१ रोजी पॅरिसमध्ये शार्ल दुबोस्त यांनी पोटातला फुगा काढून त्या जागी तीन आठवड्यांपूर्वी वारलेल्या एका तरुणीची महाधमनी बसवली. पोटातल्या फुग्यावरच्या आजच्या शस्त्रक्रियेची सुरुवात तिथून धरतात.

मग ती पद्धत मागे का पडली? काही वर्षांत त्या धमन्यांच्या भिंती कडक होऊ लागल्या, त्यांत चुना साचला, काही फुगल्या, काही फुटल्या. साठवणुकीची साधनं तेव्हा ओबडधोबड होती. तेवढ्यात डॅक्रॉन आलं. स्वस्त, हव्या त्या मापात, कपाटात ठेवता येणारं. दात्याची धमनी अडगळीत गेली ती जवळपास तीस वर्षं. १९८८ पासून पॅरिसच्याच एदुआर्द कीफर यांनी ती पुन्हा काढली, पण एका नेमक्या कामासाठी: जिथे कापडाला जंतूंनी धरलंय तिथे. मला हा निर्णय फार शहाणपणाचा वाटतो. तीस वर्षं टिकेल का, हा प्रश्न त्यांनी बाजूला ठेवला आणि पुवाच्या जागेत आज काय तगेल तेवढंच विचारलं.

ती तिथे का तगते? पहिलं म्हणजे तिच्यात कापडाचे धागे नसतात, त्यामुळे जंतूंना तो चिकट थर धरायला तशी सोयीची जागा मिळत नाही. दुसरं, तिची भिंत अँटिबायोटिक शोषून घेते. दात्यांच्या ऊती जपणाऱ्या टिश्यू बँकेत ती औषधाच्या द्रावणात ठेवलेली असते आणि त्यातलं काही भिंतीत मुरून राहतं. तिसरं, ती मऊ असते. सडून नाजूक झालेल्या धमनीला शिवताना सुई-दोऱ्याचा ताण कमी येतो. ती जंतूंना पूर्ण अभेद्य आहे असं मात्र कुणी समजू नये. कमी बळी पडते, एवढंच.

टिश्यू बँकेत काय होतं ते जरा जवळून बघू. दात्याची एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, गरमी (सिफिलिस) यांची तपासणी होते. कॅन्सर किंवा रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग असेल तर धमनी घेत नाहीत. छातीतली महाधमनी, कमरेतल्या आणि मांडीतल्या धमन्या निर्जंतुक पद्धतीने काढतात, बाहेरची चरबी सोलतात, अँटिबायोटिकच्या द्रावणात ठेवतात आणि कल्चर लावतात. मग डीएमएसओ नावाचं रसायन घातलेल्या द्रावणासकट दुहेरी पिशवीत सील करतात. हे रसायन नसेल तर गोठताना पेशींत बर्फाचे काटे होऊन भिंत फाटते. तापमान दर मिनिटाला साधारण १ अंशाने उतरवतात. घाई केली की नुकसान. शेवटी द्रव नायट्रोजनच्या वाफेत, उणे १३० अंशांच्याही खाली ठेवतात. द्रव नायट्रोजन स्वतः उणे १९६ अंशांवर असतो. अशी धमनी काही वर्षं राहू शकते.

ऑपरेशनच्या दिवशी पिशवी ऑपरेशन थिएटरमध्ये येते. ती एकदम गरम पाण्यात टाकत नाहीत, काचेसारखी तडकते. आधी थोडा वेळ बाहेर, मग कोमट सलाईनमध्ये, मग डीएमएसओ टप्प्याटप्प्याने धुऊन काढायचं. ताटात उरते ती फिकट पिवळसर, अंगठ्याएवढी जाड, ओलसर नळी. तिच्या अंगावर बारीक फांद्यांची तोंडं असतात आणि खरं जपायचं काम तिथे आहे. महाधमनीतून फासळ्यांकडे जाणाऱ्या त्या फांद्या नुसत्या क्लिपने बंद करून चालत नाही; प्रत्येक तोंड केसासारख्या दोऱ्याने शिवतात आणि मग नळीत सलाईन दाबून भरून कुठून थेंब येतो का ते बघतात. पुढे पुवाच्या जागेत एक फांदी जरी सुटली तरी पेशंट टेबलवर परत येतो. नळी बसल्यावर पोटातला चरबीचा पदर, म्हणजे ओमेंटम, तिच्याभोवती गुंडाळतात. जांघेत मांडीचा एक स्नायू वळवून वर घालतात. जिवंत, रक्त असलेलं मांस भोवती आलं की जंतूंशी लढाई सोपी जाते. या पायरीचं महत्त्व नातेवाईकांना क्वचितच सांगितलं जातं, पण निकाल पुष्कळदा त्यावर अवलंबून असतो.

नातेवाईक हमखास विचारतात, "म्हणजे किडनी बदलल्यासारखं आयुष्यभर औषध खायचं का?" बहुतेक केंद्रं प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं देत नाहीत. जंतुसंसर्ग झालेल्या माणसाची प्रतिकारशक्ती दाबणं धोक्याचं असतं. रक्तगट जुळला तर बरं मानतात, पण अवयवासारखी ती अट नसते. शरीर त्या धमनीला परकी म्हणून ओळखतं मात्र. तिच्यातल्या दात्याच्या पेशी हळूहळू जातात आणि भिंतीचा सांगाडा उरतो. पुढे भिंत कमकुवत होण्यामागे हेही एक कारण आहे. ज्यांची किडनी बदलायची आहे अशा डायलिसिसच्या पेशंटनी हे आधी डॉक्टरांशी बोलावं, कारण दात्याच्या ऊतीविरुद्ध तयार झालेली अँटिबॉडी पुढे किडनी जुळवताना आडवी येऊ शकते.

निकालांबद्दल खोटी आशा नको. अमेरिकेतल्या अनेक रुग्णालयांनी मिळून २०१४ मध्ये पोटातल्या महाधमनीच्या जागी अशी धमनी बसवलेल्या २२० रुग्णांचा आढावा छापला. महिन्याभरात ९ टक्के दगावले. पाच वर्षांनी साधारण निम्मे हयात होते. पण पाच वर्षांनी नळी चालू राहण्याचं प्रमाण ९७ टक्के होतं आणि पाय गमावण्याची वेळ फार थोड्यांवर आली. पहिले दोन आकडे वाचून धसका बसतो, पण ही माणसं आधीच किती आजारी असतात ते ध्यानात घ्यावं. नळी तशीच ठेवली तर बहुतेकांची वाट मृत्यूकडेच जाते. जंतू स्यूडोमोनाससारखा आक्रमक असेल किंवा आतड्याला भोक पडलेलं असेल तर दात्याची धमनीही फुटू शकते. म्हणून ऑपरेशननंतर कल्चरप्रमाणे निदान सहा आठवडे, बऱ्याचदा त्याहून जास्त काळ अँटिबायोटिक, आणि ठरावीक अंतराने सोनोग्राफी किंवा सीटी जन्मभर. "आता बरं वाटतंय" म्हणून तपासणी सोडलेला पेशंट मला सगळ्यात जास्त काळजीत टाकतो.

कृत्रिम नळी नसतानाही धमनीला जंतू धरू शकतात. विषमज्वराच्या कुळातला साल्मोनेला, क्षयाचे जंतू, क्वचित जनावरांपासून येणारा ब्रुसेला महाधमनीच्या भिंतीत घर करून फुगा करतात. गोठ्यात राबणाऱ्या माणसाचा बरेच दिवस न उतरणारा ताप आणि पाठदुखी यात ही शक्यता डोक्यात असावी. तिथेही दात्याची धमनी कामाला येते.

मग ती आपल्याकडे मिळते का? कायद्याची वाट मोकळी आहे. अवयव प्रत्यारोपणाचा कायदा १९९४ चा. २०११ च्या दुरुस्तीने त्यात ऊतीही आल्या. ऊती म्हणजे नेत्रपटल, त्वचा, हाडं, हृदयाच्या झडपा, रक्तवाहिन्या. दिल्लीच्या एम्समध्ये आणि तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत दात्यांच्या हृदयाच्या झडपा जपून वापरण्याचं काम अनेक वर्षांपासून झालेलं आहे, आणि झडप जपण्याची रीत आणि धमनी जपण्याची रीत जवळपास एकच. यकृत प्रत्यारोपण करणाऱ्या टीम दात्याच्या कमरेतल्या धमन्या सोबत घेऊन थंड द्रावणात ठेवतातच, जोडकामाला लागतील म्हणून. म्हणजे हातातलं कौशल्य परकं नाही. उणीव साठ्याची आहे, आणि साठा दात्यांशिवाय होत नाही. म्हणून आपल्याकडे सर्जन आधी पेशंटच्या मांडीतल्या शिरेचा किंवा जनावराच्या आवरणाचा विचार करतात, आणि तसं सुचवलं तर तो कमी दर्जाचा उपचार समजू नये.

नेत्रदानाबद्दल आता गावोगावी माहिती आहे. पण डोळ्यांखेरीज आणखी काय देता येतं हे वारलेल्या माणसाच्या घरी कुणाला ठाऊक नसतं, आणि त्या तासात कुणी सांगतही नाही. मेंदू मृत झालेल्या दात्याचे अवयव घेताना धमन्याही घेता येतात. हृदय बंद पडून मृत्यू आला तरी नेत्रपटल, त्वचा, झडपा आणि धमन्या ठरावीक तासांच्या आत घेता येतात, जिथे तशी बँक आणि टीम असेल तिथे. सांगली, सातारा, कोल्हापूर हा भाग पुण्याच्या झेडटीसीसी या अवयवदानाच्या समन्वय केंद्राकडे येतो. दानाचा विषय घरात निघालाच तर संमतीच्या कागदावर सही करण्याआधी समन्वयकाला एवढं विचारा की अवयवांसोबत झडपा आणि रक्तवाहिन्या घेण्याची सोय आज आहे का, आणि असेल तर त्यांचा उल्लेख संमतीत स्पष्ट लिहून घ्या.